उंबऱ्यावरचा खून

इंदापूर तालुक्याच्या पार टोकाला, नीरा भीमेला मिळते तिथं, नरसिंहपूर आहे. पाण्यापल्याड सोलापूर जिल्हा लागतो. पेशवाईतल्या विंचूरकर सरदारांनी उभं केलेलं थोरलं दगडी देऊळ, नदीत उतरणारा घाट, आत लक्ष्मी-नरसिंह. देशस्थ ब्राह्मणांच्या कितीतरी घरांचं हे कुलदैवत. प्रल्हादानं आपल्या हातानं वाळूची मूर्ती करून पुजली ती हीच, अशी इथली स्थळकथा. वैशाख शुद्ध चतुर्दशीला नरसिंह जयंती असते.

आता चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी काय येतं? पौर्णिमा. वैशाखी पौर्णिमा म्हणजे बुद्धजयंती. म्हणजे आपल्या तालुक्यात आदल्या सांजेला एका राजाचं पोट फाडल्याचा उत्सव आणि दुसऱ्या सकाळी विहारात त्रिशरण-पंचशील. चोवीस तासांचंसुद्धा अंतर नाही. त्यात ज्यांनी दहा अवतारांची यादी केली त्यांनी चौथ्या नंबरला नरसिंह घातला आणि नवव्या नंबरला आपला बुद्ध कोंबला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पाचवी ह्याच कोंबाकोंबीवर आहे. बुद्ध हा विष्णूचा अवतार ही गोष्ट खोटी आणि खोडसाळ आहे, असं आपल्या बापजाद्यांनी भर मैदानात उभं राहून म्हटलं.

दोस्तहो, ह्यावर आपली पोरं म्हणतात, आपण देव सोडले, आता नरसिंहाचं काय घेऊन बसलास? बरोबर आहे. आपण देव सोडले. पण गाव त्याच गोष्टींवर चालतं. जो माणूस आपल्याला वेगळ्या कपात चहा देत होता, त्याला ते कोणी शिकवलं? त्यानं मनुस्मृती वाचली नव्हती. त्यानं कीर्तन ऐकलं होतं. म्हणून मी रात्रपाळीवरनं आल्यावर झोप मोडून ही गोष्ट वाचली. भागवतातली, आणि जिथं मिळाली तिथली. जे दिसलं ते मांडतो.

गोष्ट खांबापासून सुरू होत नाही. कीर्तनकार खांबापासून सांगतो, कारण तिथं टाळी मिळते. गोष्ट सुरू होते दारापासून. वैकुंठाला सात दारं. सातव्या दारावर जय आणि विजय हे दोन राखणदार. एक दिवस सनकादिक चौघं ब्रह्मकुमार आले, दिसायला पोरं, अंगावर कपडा नाही. राखणदारांनी काठ्या आडव्या घातल्या. राखणदाराचं काम तेच ना? अनोळखी माणूस दारात आला तर थांबवायचं, विचारायचं. चौघं भडकले आणि शाप दिला, जा, खाली पडा, असुरांच्या पोटी जन्म घ्या. गडबड ऐकून धनी बाहेर आला. आपल्या चाकराची बाजू त्यानं घेतली का? नाही. तो म्हणाला, ब्राह्मण हे माझं दैवत, ह्यांनी दिलेला शाप मला कबूल. मग जय-विजय खाली पडले, तेच हिरण्याक्ष आणि हिरण्यकश्यपू.

आमच्या आजीचा बाप येसकर. पुस्तकात वेसकर लिहितात, आमच्यात येसकर म्हणतात. गावच्या वेशीवर त्याची जागा. रातीला वेस लावायची, पहाटं उघडायची, कोण आलं कोण गेलं ते पाटलाला सांगायचं, सरकारी माणूस आला की पुढं पळायचं, आणि संध्याकाळी काठी घेऊन दारोदार भाकरी मागायची. आजी म्हणायची, "बाबा समद्या गावाचं दार राखायचा, पर गावातलं एक दार त्याला उघडं नव्हतं." वतन होतं म्हणे. असल्या वतनावर बाबासाहेबांनी आयुष्य खर्ची घातलं, १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात बिल आणलं, आणि वतनं कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं. तवर येसकर वेशीवर. तर जय-विजयाची गोष्ट मी वाचली तेव्हा मला वैकुंठ काही दिसलं नाही, आजीचा बाप दिसला. काम चोख केलं, आणि केलं म्हणूनच शिक्षा झाली. थांबवला कोणाला ह्यावर सगळं ठरलं.

पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, भराभरा सांगतो. वराहानं हिरण्याक्ष मारला. भावाच्या मरणानं पेटलेल्या हिरण्यकश्यपूनं घोर तप केलं आणि ब्रह्मदेवाकडून वर घेतला. माणसाकडून मरण नको, जनावराकडून नको. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, घराबाहेर नको. जमिनीवर नको, आभाळात नको. शस्त्रानं नको. ब्रह्मदेव म्हणाला, दिलं. लेखी नसलं तरी देवाचा शब्द. पुढं त्याचा पोरगा प्रल्हाद विष्णूचा भक्त निघाला, बापानं त्याला नाना तऱ्हेनं छळलं, आणि शेवटी विचारलं, तुझा देव ह्या खांबात आहे का? खांब फुटला. आतून निघाला तो धड माणूस नाही, धड जनावर नाही. त्यानं राजाला धरलं, दारात नेलं, मांडीवर आडवा घेतला आणि नखांनी फाडला. भागवत म्हणतं, सहज, खेळल्यासारखा. आतडी गळ्यात घातली. कीर्तनात वेळ सांगतात तिन्हीसांजेची.

बघा आता. दार म्हणजे घरात नाही, बाहेर नाही. मांडी म्हणजे जमीन नाही, आभाळ नाही. तिन्हीसांज म्हणजे दिवस नाही, रात्र नाही. नख म्हणजे शस्त्र नाही. वरातलं एक अक्षर मोडलं नाही. शब्द शंभर टक्के पाळला, आणि माणूस मेला.

पंडित लोक ह्याच्यात मोठा अर्थ काढतात. सगळ्या द्वंद्वांपलीकडचा परमेश्वर, कुठल्याच चौकटीत न मावणारा. अर्थ वाईट नाही. सिंहाचं तोंड, माणसाचं धड, उंबरा, सांज, सगळं मधलं. खरंच जोरदार कल्पना आहे, कवी म्हणून मला मान्य करावं लागतं. पण ज्याला मांडीवर आडवा घेतलाय त्याच्या जागेवरनं ही कल्पना कशी दिसते, हे पंडितांनी विचारलेलं नाही.

आणि ही युक्ती नरसिंहापासूनची नाही, त्याच्या फार आधीची आहे. शतपथ ब्राह्मणात नमुची नावाच्या असुराची गोष्ट आहे. इंद्रानं त्याला वचन दिलं होतं, तुला दिवसा मारणार नाही, रात्री मारणार नाही, ओल्यानं नाही, सुक्यानं नाही. मग रात्र सरली होती पण सूर्य वर आला नव्हता, अशा वेळी पाण्याचा फेस घेऊन त्याचं डोकं उडवलं. फेस ओला नाही, सुका नाही. म्हणजे करार करायचा, आणि करारातली फट आधीच बघून ठेवायची, ही रीत पुराणांच्याही आधीपासून चालत आलेली. देव बदलत गेले, रीत तीच राहिली.

देवसुद्धा कसा बदलत गेला, ते दगडात दिसतं. नागपूरजवळ रामटेकच्या टेकडीवर पाचव्या शतकातलं, वाकाटकांच्या काळातलं केवल-नरसिंहाचं देऊळ आहे. तिथला नरसिंह एकटा बसलाय, हातात चक्र. मांडीवर मुडदा नाही, खांब नाही, प्रल्हाद नाही. मग आठव्या शतकाच्या सुमाराचं वेरूळचं दशावतार लेणं, पंधरा नंबरचं. तिथं नरसिंह राजावर चालून आलाय, पण राजा उभा आहे, लढतोय. आडवा झालेला नाही. आणि नंतरच्या मूर्ती बघाल तर राजा मांडीवर, पोट उघडं. त्याहून पुढं राजाच गायब, मांडीवर लक्ष्मी. ज्या मांडीवर खून झाला तिथंच बायको बसवली आणि देव शांत झाला. आपल्या नरसिंहपूरचं दैवत लक्ष्मीच्या नावानं ओळखलं जातं ते असं, सगळं आवरून झाल्यावर.

तिकडं आंध्रात नल्लमलाच्या जंगलात अहोबिलम् आहे. तिथले लोक म्हणतात खांब इथंच फुटला. तिथल्या चेंचू आदिवासींच्या कथेत नरसिंहानं त्यांच्या पोरीशी, चेंचुलक्ष्मीशी, लग्न केलं, तो त्यांचा जावई आहे. पाकिस्तानात मुलतानला प्रल्हादपुरीचं देऊळ होतं, १९९२ मध्ये बाबरी पाडल्यावर तिथल्या जमावानं ते पाडलं. तेही म्हणायचे खांब इथला. खांब एक आणि दावे अनेक. जंगलातल्या माणसांनी वाघ-सिंहाला भिऊन पुजलं असेल, ते पुढं राजांच्या आणि भटांच्या हातात जाऊन अवतार झालं असेल, असं चेंचूंकडं बघून वाटतं. पण वाटतं एवढंच. पुरावा म्हणून मी ते मांडत नाही.

आपल्या भागात ही पुराणं मराठीत कोणी आणली? बारामतीत कऱ्हेकाठी मोरोपंत राहायचे, १७२९ ते १७९४. बाबूजी नाईकांच्या आश्रयाला, पुराण सांगण्याचं काम. आर्या वृत्तात त्यांनी अख्खं महाभारत ओतलं. अफाट मेहनत, त्यात वाद नाही. पण वाड्यात पुराण चालू असताना वाड्याबाहेर कोण उभं होतं, ते आर्येत आलं नाही. कऱ्हा तशीच पुढं सोनगावला नीरेला मिळते आणि नीरा नरसिंहपूरला भीमेला.

मोरोपंतांनंतर ऐंशी वर्षांनी पुण्यात एका माणसानं ही गोष्ट उलट्या बाजूनं वाचली. जोतीराव फुले, 'गुलामगिरी', १८७३. धोंडिबा विचारतो आणि जोतीराव सांगतात, असं ते पुस्तक. तिथं नरसिंह हा बाहेरून आलेल्यांचा म्होरक्या. हिरण्यकश्यपूचं राज्य त्याच्या डोळ्यांवर आलेलं. आधी काय केलं? शिक्षक पाठवला. पोराला फितवलं, त्याच्या मनातून घरच्या कुलस्वामीची पूजा काढली. मग म्होरक्यानं अंग रंगवलं, तोंडाला सिंहाचं सोंग चढवलं, बाईचं लुगडं पांघरलं आणि संध्याकाळी दमून आलेल्या राजाला खांबाआडून येऊन वाघनखांनी मारलं. खांब फुटला वगैरे काही नाही. खांबामागं लपला होता. अहो, किती साधं आहे बघा! हजार वर्षं लोक खांब फुटताना बघत होते, फुल्यांनी खांबाच्या मागं जाऊन बघितलं.

हिरण्यकश्यपूचा प्रल्हाद, प्रल्हादाचा विरोचन, विरोचनाचा बळी. हीच ती वंशावळ. दिवाळीच्या पाडव्याला आपल्या आया इडापिडा टळू दे आणि बळीचं राज्य येऊ दे म्हणून ओवाळतात, तो बळी ह्याचा पणतू. गावाला पणतूचं राज्य पाहिजे, आणि त्याच गावाला पणज्याच्या खुनाचा उत्सव पाहिजे. दोन्ही एकाच देव्हाऱ्यापुढं. ह्यात कोणाला काही खटकत नाही, हे मला सगळ्यात नवल वाटतं. प्रल्हादालाही खटकलं नाही. वामनानं बळीला बांधलं तेव्हा हा आजा तिथं आला आणि नातवाला बांधणाऱ्याचीच स्तुती करायला लागला. आपल्यातही असे प्रल्हाद आहेत. मंत्रालयाच्या पायऱ्यांवर सापडतात.

आता जरा भांडणाचं बोलतो. आपल्यातले काहीजण फुल्यांचं हे वाचन जसंच्या तसं इतिहास म्हणून घेतात. हिरण्यकश्यपू आमचा राजा, नरसिंह आर्यांचा सेनापती, अमुक साली लढाई झाली. पोस्टर काढतात, जयंती करा म्हणतात. मला हे पटत नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये 'शूद्र पूर्वी कोण होते' हे पुस्तक लिहिलं आणि अर्पण केलं जोतीरावांच्या स्मृतीला. पण त्याच पुस्तकात आर्यांच्या स्वारीचा सिद्धांत त्यांनी पुरावा तपासून फेटाळला, आणि फुल्यांचं सगळं वाचन त्याच स्वारीवर उभं आहे. गुरूला वंदन करून गुरूचं म्हणणं तपासायचं, ही बाबासाहेबांची पद्धत. आपण वंदन तेवढं उचललं.

नमुचीचंच घ्या. इंद्रानं फसवून मारला म्हणून तो आपला म्हणावा, तर पालीत सुत्तनिपात उघडा. तिथं नमुची हे माराचं नाव. सिद्धार्थ नेरंजरेच्या काठी तपाला बसलाय आणि त्याला उठवायला आलाय तो नमुची. मग करता काय? एका पोथीत आपला आणि दुसऱ्या पोथीत बुद्धाच्या वाटेतला धोंडा. पुराण उलटं टांगलं तरी ते पुराणच राहतं. फुल्यांनी १८७३ मध्ये जे केलं ते त्या वेळी बॉम्बगोळ्यासारखं होतं, कारण शूद्रातिशूद्रानं देवाची उलटतपासणी घ्यायची असते हेच कोणाला माहीत नव्हतं. त्यांनी प्रश्न विचारला. तो प्रश्न घ्यायचा सोडून आपण त्यांच्या उत्तराला शेंदूर फासायला निघालोय.

आणि प्रश्न विचारला की काय होतं तेही बघितलंय. बाबासाहेबांचं 'रिडल्स' त्यांच्या मरणानंतर तीस वर्षं हस्तलिखितातच पडून होतं. १९८७ मध्ये सरकारनं छापलं, राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरनं आग लागली, १९८८ च्या सुरुवातीला मुंबईत आपल्या लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी परिशिष्ट राहिलं, सरकारला ही मतं मान्य असतीलच असं नाही अशी टीप जोडून. तीही एक फटच. पुस्तक सरकारचं, आणि सरकारचं नाहीसुद्धा.

तर प्रश्न घ्यायचा म्हणजे काय? हिरण्यकश्यपू कोणत्या जातीचा होता हे शोधण्यात मला रस नाही. तो होताच ह्याचाही दाखला नाही. पण ही गोष्ट रचणारे होते, ती ऐकणारे होते, आणि ती आवडत आलेली आहे. तिच्यातली गंमत कशात आहे? शब्द पाळून शब्द मोडण्यात. ऐकणाऱ्यांना त्याचा राग आला नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्या समाजाला ही युक्ती देवाची लीला वाटते, त्या समाजाच्या हातात कायदा दिला की तो काय करील? हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि ह्याचे दाखले पोथीत शोधायची गरज नाही.

२६ जानेवारी १९५० पासून घटनेच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता नाहीशी झाली. देवळात जायची बंदी नाही, विहिरीची नाही, रस्त्याची नाही. पुढं १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. जातीवरनं शिवी दिली, अपमान केला तर गुन्हा. पण त्यात एक शब्दप्रयोग आहे, अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला पाहिजे. २०२० मध्ये उत्तराखंडच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, तक्रारदार बाईच्या घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना शिवी दिली असेल, तर ती लोकांच्या नजरेसमोर होत नाही. गुन्ह्याचं ते कलम लागत नाही. मी निकालावर टीका करायला वकील नाही, कायद्यात शब्द आहेत ते न्यायाधीशांनी वाचले. मी फक्त एवढं म्हणतो, ज्याला अशी शिवी द्यायची आहे त्याला आता उंबरा कुठं आहे ते नीट कळलंय. आत की बाहेर. ठाण्यात तक्रार द्यायला जाल तेव्हा आधी हाच प्रश्न येतो: दारात होता, अंगणात होता, का घरात? साक्षीदार कोण? पोरांनो, हे पाठ करून ठेवा. घटना झाली की जागा लिहून काढा, वेळ लिहून काढा, कोण उभं होतं त्यांची नावं लिहून काढा. त्याच दिवशी. हिरण्यकश्यपूनं वर मागताना दिवस आणि रात्र दोन्ही लिहवून घेतलं होतं आणि तिन्हीसांज राहून गेली होती.

भागवतातली एक गोष्ट राहिली, ती सांगितली नाही तर मी लबाड ठरेन. राजाला मारल्यावर नरसिंहाचा राग कोणालाच आवरेना, लक्ष्मीसुद्धा जवळ जायला घाबरली. मग पोरगा प्रल्हाद पुढं झाला आणि त्यानं स्तुती केली. त्या स्तुतीत तो म्हणतो, बारा गुणांनी भरलेला पण देवाला पाठ फिरवलेला ब्राह्मण एकीकडं, आणि देवाला सगळं वाहिलेला श्वपच एकीकडं, तर श्वपच वरचढ. श्वपच म्हणजे कुत्रं शिजवून खाणारा. म्हणजे कोण, ते सांगायला नको. भागवत धर्मवाल्यांनी ह्या श्लोकाचा मोठा गाजावाजा केला. बघा, आमच्यात जात नाही. बरं, नसेल. पण श्लोकातसुद्धा शिवी तशीच आहे. वरचढ ठरला तरी तो श्वपचच राहिला.

आणि हा श्लोक खरा करून दाखवणारा माणूस आपल्यात होता. नरसिंहपूरहून भीमा खाली पंढरपूरला जाते, पंढरपूरच्या अलीकडं-पलीकडं सगळा चोखोबाचा मुलूख. सगळं देवाला वाहिलेला महार. देऊळ बाहेरून बघितलं. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम वेठीनं चाललं होतं, १३३८ मध्ये ते कूस ढासळलं आणि चोखा त्याच्याखाली गेला. गावाची भिंत बांधताना मेला, जिच्या बाहेर त्याचं घर होतं. नामदेवांनी हाडं वेचून आणली, ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू येईल ती चोख्याची, अशी कथा सांगतात. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांवरचं पुस्तक ज्या तिघांना अर्पण केलं त्यात नंदनार, रविदास आणि हा चोखा आहे.

देऊळ आपल्याला उघडलं १९४७ मध्ये, सानेगुरुजी उपाशी बसले तेव्हा. चोखोबाला गाडल्याला तोवर सहाशेवर वर्षं झाली होती. समाधी अजून तिथंच आहे, महाद्वाराच्या बाहेर, नामदेवाच्या पायरीसमोर. वारकरी आधी तिच्यापुढं वाकतो, मग पायरी टाळून, उंबरा ओलांडून आत जातो.